रॉनचा परातभर नेम

रेंजवर गोळीबार कमी आणि वाट बघणं जास्त असतं. सगळ्यांचे बार संपायची वाट, टार्गेटपर्यंत चालत जायची वाट, पाऊस थांबायची वाट. वाट बघणारी माणसं बोलतात आणि किस्से साचत जातात. माझ्याकडचे बरेचसे एकाच सीझनचे आहेत, आणि एकाच बंदुकीचे.

बंदूक रॉनची. रॉन चौऱ्याहत्तर वर्षांचा, रिटायर्ड प्लंबर, आमच्या क्लबचा सगळ्यात जुना मेंबर. मी शुभा. मूळची चिंचवडची, राहते ऑकलंडच्या मनुरेवा उपनगरात, तिथल्याच एका कंपनीत टेस्ट इंजिनिअर. 'हे का चालत नाही' एवढंच दिवसभर शोधते. त्या वर्षी माझे बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. त्यांनी चौतीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये इन्स्पेक्शन केलेलं. घरात बसून कंटाळायचे, म्हणून शनिवारी मी त्यांना रेंजवर न्यायचे. माझी हाक ऐकून रॉनला वाटलं, यांचं नावच 'बाबा' आहे. तोही त्यांना बाबाच म्हणायला लागला. बाबांनी कधी दुरुस्त केलं नाही.

*

रॉनची बंदूक ठासणीची, पण नव्या जमान्यातली. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालायची आणि गजाने ठासायची, बाकी सगळं आधुनिक, वर दुर्बीणसुद्धा. पन्नास मीटरवर तीन गोळ्या बशीत बसायला हव्यात. रॉनच्या परातभर पसरायच्या.

क्लबात सल्ल्यांना तोटा नाही. एक म्हणाला दारू बदल, दुसरा म्हणाला गोळी बदल, तिसरा म्हणाला दुर्बीण बदल. रॉनने एकाच आठवड्यात तिन्ही बदलल्या. परात तेवढीच राहिली.

मग तो बाकावर माझ्या शेजारी बसला. "शूबा, बंदुकीत काही नाही. डोळे गेले, हात गेले. यंदा हरणाच्या शिकारीला जाणार नाही. लायसन्स परत करतो."

उद्या पाऊस आहे, हे सांगावं तसं त्याने सांगितलं. दर एप्रिलला हा माणूस डोंगरात जायचा. मला ते अजिबात आवडलं नाही.

*

मी म्हटलं, "आधी ठरवू की दोष तुझा आहे की बंदुकीचा. दे इकडे."

त्या वर्षी क्लबची ट्रॉफी माझ्या घरी होती, त्यामुळे चारपाच जण बघायला जमले. मी बाकावर वाळूची पिशवी नीट लावली, श्वास सोडला, सावकाश तीन बार काढले.

तिन्ही परातभर. एक तर टार्गेटच्या लाकडी चौकटीत.

रॉनने टार्गेट बघायच्या स्टँडवरच्या दुर्बिणीतून बघितलं. मग चष्मा काढून पुसला. "शूबा," तो म्हणाला, "तू फारच वाईट मारलंस."

इतक्या आनंदाने मला आजवर कोणी नावं ठेवलेली नाहीत.

*

मग मी नियम केला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. माझा पक्का संशय गोळीवर होता. दोन शनिवार मी वेगवेगळ्या गोळ्या आणून रॉनला मारायला लावल्या. मागे खुर्चीत बसून बाबा वहीत काहीतरी लिहायचे.

तिसऱ्या शनिवारी ते उठले. बंदूक रिकामी आहे ना, हे मला दोनदा विचारलं. मग दुर्बीण जिथे नळीवर बसते त्या सांध्यावर त्यांनी एक बोट आडवं ठेवलं आणि रॉनला खुणेने सांगितलं, दुर्बीण ढकल. रॉनने ढकलली.

"खेळतंय," बाबा म्हणाले.

मला डोळ्यांनी काहीच हललेलं दिसलं नव्हतं. दुर्बीण काढली तर खालच्या बैठकीचे दोन स्क्रू बोटाने फिरत होते. रॉनने दुर्बीण नवी घेतली होती, पण ती लावली होती त्याच ढिल्या बैठकीवर. स्क्रू पुसले, मापात आवळले. परातीचं ताट झालं.

"मला दोन आठवडे आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तू गोळीबद्दल इतक्या खात्रीने बोलत होतीस," बाबा म्हणाले, "मला वाटलं तुला माहीत असेल."

*

ताटातही एक गंमत होती. दर शनिवारी रॉनची पहिली गोळी हमखास डावीकडे जायची, बाकीच्या मधल्या भागात.

बाबांनी नळीतून कोरडं फडकं फिरवायला सांगितलं. फडकं बाहेर आलं ते तेलाने निथळत. गंजू नये म्हणून रॉन दर आठवड्याला नळीत भरपूर तेल सोडायचा आणि तशीच घेऊन यायचा.

बाबा ते फडकं चिमटीत धरून म्हणाले, "बंदूक आहे की लोणचं?"

मी भाषांतर केलं. लोणचं समजावण्यातच दहा मिनिटं गेली. पण त्यानंतर रॉन आधी नळी कोरडी करायला लागला आणि पहिली गोळी सरळ जायला लागली.

*

तरीही अधूनमधून एखादी गोळी भरकटायचीच. बाबांनी वही उघडून दाखवली. प्रत्येक बारापुढे एक खूण होती, आणि भरकटलेल्या प्रत्येक गोळीपुढे एकच शब्द: गप्पा.

बाबांना रॉनचं इंग्रजी कळत नव्हतं, म्हणूनच त्यांचं लक्ष हातांकडे होतं. प्रत्येक बारानंतर नळीत काजळी धरते. ती ओल्या फडक्याने पुसली नाही तर पुढची गोळी नीट ठासली जात नाही. रॉन गप्प असला की पुसायचा. कोणाशी बोलायला लागला की विसरायचा.

"सांग त्याला," बाबा म्हणाले, "की बंदूक चांगली आहे, तोंड बंद ठेव."

मी म्हटलं, "रॉन, बाबांचं म्हणणं आहे की लक्ष थोडं..."

"कळलं मला," रॉन म्हणाला.

त्या दिवशी तो अर्धा तास एक शब्द बोलला नाही. तीन बार. आम्ही टार्गेटपर्यंत चालत गेलो. तीन भोकं एकमेकांना चिकटलेली, बशीतल्या कपाखाली झाकली गेली असती एवढीच. रॉनने कागद काढला, घडी घातली, खिशात ठेवला. म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे इकडच्या बोलीत 'झकास'. गाडीपर्यंत जाताना मात्र त्याने बाबांचा दंड धरलेला होता.

*

एप्रिलमधल्या एका रविवारी मी सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांत किराणा आणायला गेले होते. दुपारी घरी आले तर बाबा स्वयंपाकघरात उभे. ओट्यावर कागदात बांधलेलं एक पुडकं.

"रॉन येऊन गेला," ते म्हणाले. "बराच वेळ बोलला."

"काय म्हणाला?"

"मला काय कळणार. पण असं एक बोट दाखवलं. एकाच गोळीत, असं असावं."

मी पुडकं उघडलं. हरणाचं मांस होतं, नीट तुकडे केलेलं. बाबा एकाहत्तर वर्षांचे. केक पुढे केला तरी यात अंडं आहे का विचारून मगच हात लावणार. मी म्हटलं, "राहू द्या, मी शेजारी देऊन येते. रॉनला कळणारही नाही."

बाबांनी पुडकं आपल्याकडे ओढून घेतलं.

"याला कांदा किती लागतो?" त्यांनी विचारलं.