फ्राऊ एबरलेंचा थोरला

तुआनच्या खोलीच्या दाराला आतून एक हाताने आखलेलं कॅलेंडर होतं. जर्मन तारखा बारीक, चंद्राच्या तिथ्या ठळक. रोज सकाळी दात घासायच्या आधी तो त्यावर एक फुली मारायचा. स्टुटगार्टला फ्राऊ एबरलेंच्या घरी आम्ही समोरासमोर राहायचो. तो व्हिएतनाममधल्या होई आन या जुन्या बंदराच्या गावचा, मी सांगलीचा. तो इंजिनिअरिंगची पदवी घेत होता, मी डॉक्टरेट करत होतो. त्यामुळे दोघांत शहाणा मी, अशी माझी समजूत होती.

पहिल्याच सप्टेंबरात माझं दार वाजलं. छत्रीच्या मोडक्या काड्या आणि ट्रेसिंग पेपर घेऊन हा उभा.

"उद्या आठव्या महिन्याची पौर्णिमा. आमच्या गावी कंदील लागतात. तुमच्याकडे आज काय असतं?"

"आज? गुरुवार," मी म्हणालो.

पंधरा दिवसांनी आईचं पत्र आलं. अनंत चतुर्दशीला गणपती पोचवले, तुझी फार आठवण आली. मी बोटं मोजली. तोच गुरुवार! गणपतीच्या गावचा मी, आणि विसर्जनाची आठवण करून द्यायला दारात व्हिएतनामी माणूस यावा लागला. तरीही मी त्याला वार सांगून परत पाठवलं. लाज वाटली, चांगली दोन दिवस टिकली.

"माणसं नसली तरी चालेल, तारीख चुकता कामा नये," हे तुआनचं ठरलेलं वाक्य. तो ते मोडक्या जर्मनमध्ये म्हणायचा आणि मी त्याहून मोडक्या जर्मनमध्ये "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, करायचो. होई आनला म्हणे वर्षभर काही ना काही चालूच. वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला देवळांत गर्दी, सातव्या महिन्यात ज्यांच्या मागे कोणी नाही अशा मेलेल्यांसाठी दारात पेज, आठव्यात कंदील आणि आकाशातल्या कुत्र्याचा नाच. हे सगळे सण तो एकटा आमच्या जिन्यावर साजरे करायचा.

पण कुत्रं व्हायला दुसरा माणूस लागतो. ते सोंग माझ्याकडे आलं. डोक्यावर फ्राऊ एबरलेंची कपड्यांची टोपली, अंगावर त्यांचीच चादर, मागे तुआन पातेलं बडवतोय. तिकडे दुकानदार माडीवरून पालेभाजीची जुडी टांगतात आणि कुत्र्याने ती उडी मारून घ्यायची असते. आमच्याकडे फ्राऊ एबरलेंनी कठड्याला कोबीचा गड्डा बांधला. सत्तरी ओलांडलेली विधवा बाई, मागेपुढे कोणी नाही, शिस्त मात्र कडक. दर आठवड्याला एकाने जिना झाडायचा, ज्याची पाळी त्याच्या दारावर 'केअरवोखं' अशी पाटी. पहिल्या वर्षी कंदील पेटला तेव्हा त्या पाण्याची बादली घेऊन उभ्या होत्या. तिसऱ्या वर्षीही बादली होती, पण कंदील माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत लावा म्हणाल्या. त्याच वर्षी मी उडी मारली, कोबी हाती आला, पाय चादरीत अडकला आणि भावी डॉक्टरसाहेब नऊ पायऱ्या घसरत खाली गेले.

"आल्झो," वरून फ्राऊ एबरले म्हणाल्या, "जिना तरी पुसला गेला."

त्या कोबीचं सूप पिताना तुआनने देवमाशाचं सांगितलं. त्याच्याकडचे कोळी देवमाशाला आजोबा म्हणतात. तुफानात तो होडीला पाठीचा आधार देतो म्हणे. वसंतात त्याचा उत्सव. आणि मेलेला देवमासा किनाऱ्याला लागला, तर जो त्याला पहिल्यांदा पाहील तो त्याचा थोरला मुलगा. त्याने डोक्याला पांढरी पट्टी बांधायची, मूठमाती द्यायची, दरवर्षी तिथी पाळायची.

"आणि त्याला नसेल करायचं तर?" मी विचारलं.

तुआनला प्रश्नच कळला नाही. फ्राऊ एबरले मात्र बशीत बघत म्हणाल्या, "माशांची चांगली सोय आहे."

पुढच्या फेब्रुवारीतला एक शनिवार. पाळी माझी. जिना झाडून मी झाडू द्यायला त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. त्या खुर्चीत बसल्या होत्या, मान कलती, पुढ्यात कॉफी. हात लावला तर गार. माझ्या डोक्यात काय यावं? पोलीस, फॉर्म, आउसलेंडरआम्टच्या, परदेशी लोकांच्या कचेरीच्या, खेपा, अर्धवट प्रबंध, आणि खरं सांगतो, तो देवमासा. मी हळूच दार ओढून घेतलं आणि खोलीत येऊन पुस्तकातली एकच ओळ वाचत बसलो. थोड्या वेळाने तुआन गरम पाण्यासाठी खाली गेला. त्याची हाक आली. मी धावत गेलो आणि विचारलं, "काय झालं?" नाटकवाल्यांच्या गावचा आहे मी, छान विचारलं.

झाडू तिथेच राहिल्याचं मला दुपारी आठवलं. बघतो तर तो जिन्याखाली खुंटीला. मीच ठेवला असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

"पहिल्यांदा मी पाहिलं," तुआनने पोलिसांना सांगितलं. मग उशीचा अभ्रा फाडून कपाळाला पट्टी बांधली. दफन बुधवारी दहाला, आणि त्याची तोंडी परीक्षाही बुधवारी दहालाच.

"अरे, परीक्षा दे. त्या काय तुझ्या आई होत्या?" मी म्हणालो.

"परीक्षा पुन्हा येते," तो म्हणाला.

खरं बोललो असतो तर पट्टी माझ्या कपाळाला असती आणि तो परीक्षेला बसला असता. पण पेटीमागे तो चालला, आणि शेवटी उसन्या कोटात मी. त्याचं अख्खं सेमिस्टर गेलं. माझा प्रबंध मात्र वेळेवर गेला.

दोन वर्षं त्याने तिथी पाळली. मग पदवी घेऊन तो घरी निघाला. तिकडे लढाई पेटली होती, पण आई एकटी होती. आज कबूल करायचंच, असं ठरवून मी स्टेशनवर गेलो. मी तोंड उघडायच्या आत त्याने गुंडाळलेलं कॅलेंडर माझ्या हातात दिलं. उलगडलं तर एका तिथीभोवती लाल गोल होता.

"आता तू."

"मी कसा? थोरला तू."

"त्या दिवशी स्वयंपाकघरात झाडू कोणाचा होता?"

मी कॅलेंडर पुन्हा गुंडाळायला लागलो.

"मीच खुंटीला लावला," तो म्हणाला. "पोलीस तुला विचारत बसले असते. तू आधीच घाबरलेला."

"मग एवढं सगळं तू कशाला केलंस? परीक्षा घालवलीस..."

"तू तयार होईपर्यंत कोणीतरी हवं ना? तारीख चुकता कामा नये."

गाडी सुटल्यावर मी फलाटावर रडलो. चार भावंडांत मी थोरला आहे. आजवर थोरला मी फक्त पत्राच्या मायन्यात होतो.

माघ शुद्ध नवमी. दरवर्षी मी आईकडून पंचांग मागवतो. पोरगं मार्गाला लागलं म्हणून ती हौसेने पाठवते, वर अंगारा. त्या दिवशी मी दफनभूमीत जातो आणि फ्राऊ एबरलेंच्या दगडावरचं बर्फ झाडतो. झाडू घरून नेतो आणि आठवणीने परत आणतो.

तुआनची दोन पत्रं आली. तिसरं अजून यायचंय. आलं की उत्तरात एकच ओळ लिहायची आहे: तारीख चुकलेली नाही.