कौसल्याआजीकडच्या वाट्या

कौसल्याआजी वाट्या चोरते, हे आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं. तळमजल्यावरच्या यशोदाकाकू हे सांगताना आधी जिना वर-खाली बघायच्या, मग तोंडाला पदर लावायच्या आणि गेटवरच्या वॉचमनलाही ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणायच्या, "म्हातारीला स्टीलचा नाद हाय बाई! माझ्या तीन वाट्या गिळल्या, ढेकर सुदिक न्हाय." चेअरमन दादासाहेबांचं बोलणं जरा कायद्याला धरून असायचं. चष्मा कपाळावर चढवून ते म्हणायचे, "हा एक प्रकारचा, काय म्हणतात त्याला, अपहारच की." आणि दूधवाल्याचं ठाम मत होतं की म्हातारी वाट्या मोडीत घालते आणि त्या पैशाची तंबाखू खाते.

यातली तंबाखू तेवढी खरी होती. ती पण लेकाच्या पैशाची.

वाट्या तिनं चोरल्या नव्हत्या. लोकांनीच आणून दिल्या होत्या, चांगल्या भरभरून. तिला फक्त त्या परत करता येत नव्हत्या.

आमची बिल्डिंग बारामतीच्या एमआयडीसीच्या अंगाला. नाव गोकुळ हाइट्स, हाइट तीन मजले. जिथं आता पार्किंग आहे तिथं पूर्वी ऊस होता म्हणतात, आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या डेकवर गाणी लावून समोरून जायला लागल्या की खरंही वाटतं. आजी इथं आली ती लोणी भापकर गावाहून. मालक गेल्यावर लेकानं, विजयसिंहानं, आणली. विजयसिंह एमआयडीसीत दुधाच्या प्लांटवर शिफ्टला जातो. सून स्वरूपा इंदापूरला तहसील कचेरीत नोकरीला, सकाळच्या एसटीनं जाते, दिवे लागल्यावर येते. मधला सगळा दिवस आजीचा एकटीचा.

पहिल्यांदा ती गॅसवर दूध ठेवून गॅलरीत जाऊन बसली. दूध उतू गेलं, गॅस विझला, आणि वास पार तिसऱ्या मजल्यापर्यंत चढला. दादासाहेब बनियनवर धावत सुटले होते, "कुणी बटण दाबू नका! कुणी बटण दाबू नका!" दुसऱ्यांदा कुकरमधली डाळ कोळसा झाली. विजयसिंह ओरडला नाही. त्यानं रेग्युलेटर काढला, कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली. आजीनं काढू दिला. दोन्ही वेळा विसरली होती तीच. लेकानं मग इंडक्शनची शेगडी आणून दिली. पण तिच्यावर बोट ठेवायचं असतं आणि आजीचं बोट तिला कळतच नव्हतं. आयुष्यभर खुरपं धरून बोटांची कातडी लाकडासारखी झालेली. ती आपली दाबत बसायची, "चालू हो की गं बाय," आणि शेगडी ढिम्म.

म्हातारी दिवसभर उपाशी असते, अशी बातमी जिन्यानं खाली गेली आणि तिथून वाट्या वर यायला लागल्या. यशोदाकाकूंची शेपूची भाजी, दादासाहेबांच्या घरची शेंगदाण्याची आमटी, शेजारच्या दारातून आमच्या आईचं भरीत. आजीनं खाल्लं, वाटी घासली, पुसली आणि मग ती वाटी हातात धरून बसून राहिली. कारण वाटी रिकामी परत द्यायची नसते. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, श्वास घ्यायला शिकवत नाहीत तसं. लोणी भापकरला त्यासाठी चूलही पेटवावी लागत नव्हती. परसात हात घातला की दोन लिंबं, चार मिरच्या, हरभऱ्याचे घाटे, काही ना काही निघायचंच. इथं परस म्हणजे कपडे वाळत घालायची दांडी.

पहिल्या फेरीला तिनं साखर घातली. पण बारामतीत साखर कुणाला द्यायची? प्रत्येकाच्या घरात कारखान्याच्या सभासदाची साखर आहेच. मी म्हटलं, "आजी, दुसऱ्यांदा पण साखरच द्या की." तर म्हणाली, "येकदा साखर, दुसऱ्यांदा साखर, आन् तिसऱ्यांदा काय, मुंग्या?"

सुनेला तिनं एकदा सांगून बघितलं. स्वरूपाताई बसमधून उतरून आलेली, पायातली चप्पलही काढलेली नव्हती. "आई, आता कोण भरून देतंय? द्या तशीच." वाईट बोलली नाही. दमलेलं माणूस बोलतं तसं बोलली. आजीनं परत विषय काढला नाही. मागच्या महिन्यातल्या वाटीत ह्या महिन्यातली वाटी बसली, त्यात अजून एक, आणि चळत पिठाच्या डब्यामागं गेली.

"मग नको म्हणा ना," मी एकदा म्हटलं.

"अगं उत्कर्षे, दारात आलेल्या वाटीला न्हाय म्हणायचं म्हंजी माणसालाच न्हाय म्हणल्यागत. त्यास्नी वाईट वाटंल."

"आणि तुम्हाला?"

"मला काय, मी खाती की," असं म्हणून ती हसली, पण बेल वाजली की दचकायची. यशोदाकाकूंची चप्पल जिन्यात फटफट वाजायला लागली की दार लावून आत झोपल्याचं सोंग करायची. काकू दारात ओरडायच्या, "कौसल्यामावशी! थालपीट आणलंय! गरम हाय!" आणि थालीपिठाच्या वासापुढं म्हातारीचं सोंग काही टिकायचं नाही.

मग एका रविवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर दादासाहेबांचा मेसेज आला. सर्व सभासदांस कळविण्यात येते की, ज्यांच्याकडे इतरांच्या वाट्या वा तत्सम भांडी राहिली असतील त्यांनी ती त्वरित परत करून सहकार्य करावे. खाली हात जोडलेले. त्याखाली यशोदाकाकूंचा अंगठा. कुणाचं नाव नव्हतं. नाव घालायची गरजच नव्हती.

विजयसिंह नाइट करून आलेला, चहाचा कप हातात. त्यानं मेसेज वाचला आणि कप खाली ठेवला. मी तेव्हा त्यांच्याकडं विरजण मागायला गेले होते. परत जावं की थांबावं कळेना, तशीच उभी राहिले.

"आई, कुणाच्या वाट्या हायत आपल्याकडं?"

आजीनं आधी सुट्टीमुळं घरी असलेल्या सुनेकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग उठून पिठाचा डबा सरकवला. चळत बाहेर आली. प्रत्येक वाटीवर नाव कोरलेलं, कुणाच्या लग्नाचं, कुणाच्या वास्तुशांतीचं. सगळ्या अशा लखलखीत घासलेल्या की यशोदाकाकूंच्या घरातही कधी तशा चमकल्या नसतील.

"आगं पण का ठेवल्या?" विजयसिंहाचा आवाज फुटला. "लोकं चोर म्हणत्यात आपल्याला!"

"रिकाम्या कशा देऊ, विजू?"

त्यानं पिशवी घेतली आणि वाट्या भराभर आत टाकल्या. प्रत्येक वाटीच्या आवाजाला आजीची मान हलत होती.

"थांब रं, कायतरी घालू दे. गूळ तरी."

"काय घालायचं न्हाय! आत्ताच्या आत्ता देऊन येतो. लाज गेली तेवढी बास."

ती डब्यात हात घालून गूळ शोधत राहिली आणि तो जिना उतरून गेलासुद्धा. मग ती चौकटीला धरून उभी राहिली आणि दारात आम्ही दोघी ऐकत राहिलो. दार उघडायचं, स्टील वाजायचं, विजयसिंह पुटपुटायचा, "राहिल्या होत्या. आईच्या ध्यानात राहत न्हाय." आणि मग यशोदाकाकू, मधाचं बोट लावल्यासारख्या, "अगं बाई! एवढी काय घाई होती भावजी? आम्ही काय मागितल्या का?"

ही ओळ मी तिथल्या तिथं काकूंच्या आवाजात म्हणून दाखवली. एरवी आजी पोट धरून हसते. तेव्हा हसली नाही. म्हणून मी म्हटलं, "सुटलात आजी! आता कुणी वाटी आणत नाही."

"आणतील."

"चोर म्हणून परत मागितल्या, आता कशाला आणतील?"

"दिस मावळायच्या आत आणतील."

"लावा पैज."

ती माझ्याकडं वळली. "मी जितले तर माझी नक्कल करायची न्हाय. मला ऐकू येती भिंतीपलीकडनं. मी काय एवढी रडत बोलती व्हय गं?"

हे तिला ऐकू जातं, हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "आणि मी जिंकले तर तुम्ही गावाकडं म्हशीला द्यायच्या ती शिवी मला शिकवायची." ठरलं.

दुपार गेली. विजयसिंह नाइटची झोप काढत होता, स्वरूपाताई बाजाराला गेलेली. एकही बेल वाजली नाही. चारला मी शिवी ऐकायला जाऊन बसलेसुद्धा. आजी पाय लांब करून गॅलरीत, खालून उसाची ट्रॉली गाणं वाजवत निघालेली. ऊन खाली आलं तेव्हा जिन्यात चप्पल वाजली. फटफट, फटफट. पण नेहमीपेक्षा हळू.

यशोदाकाकू दारात उभ्या. पदर नीट घेतलेला. ओरडल्या नाहीत. मी त्यांचे सगळे आवाज काढते, पण हा मी कधी ऐकलाच नव्हता.

"मावशी, धिरडी केलीती. घ्या." वाटी नव्हती, मोठा डबा होता. "काय लागलं-सवरलं तर सांगत जावा. मनात ठेवू नका. भावजींचं तोंड बघून जिवाला कसंतरीच झालं. घरात अडचण असंल तर आपण हायच की." त्यांच्यामागं दादासाहेबांच्या मंडळी आमटीचं पातेलं घेऊन. त्यानंतर आमची आईसुद्धा, माझ्याकडं न बघता.

आजीनं सगळं घेतलं. "व्हय, व्हय," म्हणत राहिली. दार लावलं आणि भांडी ओट्यावर ठेवली, त्या बिनरेग्युलेटरच्या शेगडीशेजारी.

"सकाळपतूर चोर हुते," ती म्हणाली. "आता भिकारी झाले."

मी पैज हरले होते. तिला काहीतरी बोलून हसवावं म्हणून तोंड उघडलं, पण तेव्हा ओठावर आला तो आवाज तिचाच, आणि तो आता काढायचा नव्हता.

आजीनं डब्याचं झाकण उघडून बघितलं. "एवढा मोठा डबा," ती म्हणाली, "ह्यो कशानं भरायचा?"