डॅशबोर्डवरची टिकली

पालघरजवळच्या माहीमहून बोईसरला कामावर जाताना मी आमच्या कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरांच्या गाडीत बसते. हेल्मेट नसेल तर ते मॅनेजरलाही गेटवरून परत पाठवतात. जिना उतरताना कठडा धरला नाही की खालून ओरडतात, "मॅडम, हात कुठं हाय?" गाडीत माझा सीटबेल्ट खट्‌कन वाजल्याशिवाय चावी फिरवत नाहीत.

त्याच गाडीत स्पीडोमीटरशेजारी एक लाल टिकली चिकटवलेली असते. मला वाटायचं, देवाचं काहीतरी असेल. एकदा विचारलंच.

"खाली ब्रेकच्या एबीएसचा दिवा हाय," ते म्हणाले. "सेन्सर बदलला तरी विझत नाय. सारखा डोळ्यात खुपतो. मग बायकोची टिकली लावली."

"आणि ब्रेक?"

"लागतो की! जोरात दाबला तर चाकं अडकतात, गाडी घसरते. पण आपण जोरात दाबायचाच कशाला?"

परवा पालघर सोडल्यावर पुढची शिफ्टची बस अचानक थांबली आणि त्यांना जोरात दाबावा लागला. गाडी किंचाळत घसरत गेली. थांबली तेव्हा बसच्या पाठीवरचं 'सुरक्षित अंतर ठेवा' मला चष्म्याशिवाय वाचता येत होतं. धक्क्यानं टिकली गळून पडली होती आणि पिवळा दिवा लख्ख पेटलेला दिसत होता.

ते त्या दिव्याकडे बघत राहिले. आता तरी गॅरेजचं नाव काढतील, असं मला वाटलं. मग त्यांची नजर माझ्या कपाळावर आली.

"मॅडम, तुमची जरा मोठी हाय, नाय का?"