तं-साहेब

“अन् हे बंद पडलं तं?” असं म्हणून साहेब समोरच्या वस्तूला टिचकी मारायचे. पंपाची मोटर असो, विजेची पेटी असो, नाहीतर आमच्या शिपायाची सायकल. टिचकी मारून कान देऊन ऐकायचे, जणू आतून कोणी उत्तर देणार आहे. म्हणून पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात आम्ही सगळे त्यांना पाठीमागे ‘तं-साहेब’ म्हणायचो.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. मांडवात सगळे जेवत असतात आणि हे एकटे मांडवाचा खांब हलवून पाहत असतात. त्यांच्याशेजारी आपल्यालाही घास गिळवत नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी तिथे केमिस्ट म्हणून लागलो. घरातला पहिला पदवीधर. आईला मी सांगितलं होतं, मी पाण्याचा डॉक्टर झालो. नळाच्या पाण्यात क्लोरीन पोचतं का हे पाहायच्या चाचणीला आम्ही ओ.टी. म्हणतो. ओ.टी. घ्यायला आलो म्हटलं की गल्लीतल्या बाया हसायच्या. “मंग नारळ कुठं आहे भाऊ?” मी हे साहेबांना हौसेने सांगितलं, तर ते हसलेच नाहीत. म्हणाले, “आपण म्हणतो एक, लोकाईले ऐकू येते दुसरं.” आणि स्वतःच विचारात पडले.

पुढे काही वर्षांनी वरून विचारणा झाली, पाण्याचे स्रोत आणि टाक्या सुरक्षित आहेत का. ‘सर्व ठीक’ म्हणून कळवता आलं असतं. साहेब आम्हाला घेऊन निघाले, धाम नदीवरच्या पंपापासून थेट शेवटच्या टाकीपर्यंत. कुंपण ओलांडता येतं का हे पाहायला स्वतः ओलांडलं आणि पँट फाडून घेतली. क्लोरीनचा सिलिंडर गळला तर वारा कोणत्या वस्तीकडे जाईल, वीज गेली तर दवाखान्याला पाणी कुठून द्यायचं, सगळं ठरवून आराखड्यात लिहिलं. लोकांना सावध कसं करायचं, एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं लवकर समाधान झालं. भोंग्याची रिक्षा होतीच.

एका उन्हाळ्यात सकाळीच पिपरीकडच्या टाकीवरून पाणी सोडणाऱ्या वॉलमनचा फोन आला. झाकणाचं कुलूप तुटलेलं होतं आणि शेजारी कपाशीवर फवारायच्या औषधाचा रिकामा डबा पडला होता. वस्तीला पाणी सुटून गेलं होतं. साहेबांनी वॉल बंद करायला सांगितला आणि रिक्षा पाठवली: पाणी पिऊ नका, भरू नका.

आता आमच्याकडे भोंग्याची रिक्षा आली की त्याचा एकच अर्थ. उद्या नळ येणार नाही, आज भरून ठेवा. वर्षानुवर्षं तो अर्थ आम्हीच शिकवला होता. भोंग्यातून दुरून ‘पाणी’ एवढाच शब्द कळायचा. आम्ही पोचलो तेव्हा गल्लीभर बाया गुंड-कळशा, बादल्या, ड्रम घेऊन नळाच्या खड्ड्यांभोवती जमल्या होत्या आणि पाइपात उरलेलं पाणी टिल्लू पंप लावून ओढून घेत होत्या. भर उन्हाळ्यात हातात आलेलं पाणी आमच्या सांगण्यावरून कोणी टाकायला तयार नव्हतं. ऑफिसवाले उद्याचं पाणी वाचवायला निघाले, असंच सगळ्यांना वाटलं.

साहेब चालू लागले, जवळजवळ धावतच. त्या गल्लीत त्यांची लेक दिली होती. लग्न नवंच होतं. आमच्याकडचे जुने लोक लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं पाणीही पीत नाहीत, आणि साहेब ते कटाक्षाने पाळायचे. ते सरळ त्या घराच्या अंगणात शिरले आणि भरलेला ड्रम खांद्याने रेटून आडवा केला. मग ओट्यावरचा गुंड उपडा केला.

“इवाई, येड लागलं का जी तुमाले?” विहीणबाई दारात येऊन म्हणाल्या. “माह्या घरचं पाणी काऊन सांडून राह्यले?”

साहेबांनी लेकीकडे पाहिलं नाही. गल्लीकडे तोंड करून म्हणाले, “माह्या लेकीच्या घरचं सांडलं. आता तुमी सांडा.”

मग समोरच्या एका बाईने आपली बादली नालीत ओतली. तिच्यामागून दुसरीने.

नागपूरच्या प्रयोगशाळेतून तपासणीचा अहवाल आला. पाण्यात काहीच आढळलं नाही. कोणीतरी टाकीतून पाणी काढायला तो डबा वापरला असावा, असा अंदाज निघाला. वस्तीला हसायला विषय मिळाला. सासरी लेकीचं हसणं मात्र बंद झालं. “तुह्या बापानं सांडलं, तू भर,” असं विहीणबाई तिला ऐकवायच्या आणि ती हापशीवरून पाणी वाहायची. साहेबांच्या हे कानावर आलं. त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “खरंच जहर निंगालं असतं तं बरं झालं असतं का रे?” आणि विचारून स्वतःच दचकले. दिवसभर खुर्चीवर टेकले नाहीत.

भोंगा त्यांनी आराखड्यातून काढून टाकला. प्रत्येक गल्लीत एक घर ठरवायचं, माणसाने जाऊन तोंडाने सांगायचं, असं ठरलं. घरं ठरवायला ते गावभर फिरले. त्या गल्लीत मात्र मला पाठवलं.

निवृत्तीनंतर ते फार जगले नाहीत. त्यानंतरच्या एका पावसाळ्यात फुटलेल्या पाइपात नालीचं पाणी शिरल्याची शंका आली. मी त्या गल्लीतल्या ठरलेल्या घरी, म्हणजे साहेबांच्या लेकीच्या सासरी गेलो. विहीणबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी सांगितलं तसं त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“पक्कं माईत आहे तुले?”

मी म्हटलं, नाही. तपासणी व्हायची आहे.

“त्याईलेबी नव्हतं,” त्या म्हणाल्या. मग उठून भरलेला ड्रम ओढत फाटकाबाहेर, रस्त्याच्या मधोमध नेऊ लागल्या. तो त्यांना एकटीला हलेना. “ये वं,” त्यांनी सुनेला हाक मारली, “हात लाव. गल्लीले दिसलं पाह्यजे.”

दोघींनी मिळून ड्रम रस्त्यावर नेऊन आडवा केला. आजूबाजूच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या.