टांगलेल्या होड्या

इतिहासावर लिहायचा मला अधिकार नाही. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, चुकलं तर माफ करा. पण लायब्ररीतल्या पुस्तकातला एक फोटो मनातून जात नाही. महायुद्धातलं जपानी संरक्षक जहाज, कडेला दोन होड्या टांगलेल्या.

खाली जहाजाची कारकीर्द दिली होती: कधी बांधलं, कोणत्या मालवाहू जहाजांना सोबत केली. त्यातलं एक नाव मला पाठ होतं. आमचे पणजोबा रत्नागिरीकडचे खलाशी. जपान्यांनी त्यांना पकडून त्याच मालवाहू जहाजाच्या तळात कोंबलं, एवढंच परतलेल्या सोबत्याने सांगितलं होतं. पुढे लिहिलं होतं: ते जहाज बुडालं, संरक्षक जहाजाने आपले सैनिक वाचवले, कैदी घेतले नाहीत.

किती नीटनेटकं वाक्य! लिहिणाऱ्याचा हात अडखळलाही नसेल. होड्या बुडणाऱ्या माणसांसाठी असतात, अशी माझी समजूत होती. ते संरक्षक जहाजही नंतर बुडालं, हे वाचून मला बरं वाटलं. त्याची लाज वाटत नाही.

आजोबांना फोन केला.

"त्या मेल्यांचं नाव नको सांगू मला," ते म्हणाले. मग हळूच, "तारीख लिवलीय काय रे?"

तिथी ठाऊक नाही म्हणून ते बापाचं पान सर्वपित्रीला वाढतात. लहानपणी मात्र, बा सुखरूप येऊ दे म्हणत, दर नारळी पौर्णिमेला आईबरोबर समुद्राला नारळ द्यायचे.

पुस्तकात दिलेली, मालवाहू जहाज बुडाल्याची तारीख मी जुन्या पंचांगात शोधली.

"आजोबा, त्या दिवशी नारळी पौर्णिमा होती."