न दिसणाऱ्या उजेडातला ग्रुप फोटो

जावयाने सासूबाईंच्या कॅमेऱ्याला हात लावला तो निव्वळ मदत म्हणून. जगातली निम्मी नासधूस अशीच होते, पण हे त्याला त्या दुपारी कळायचं होतं.

स्टुडिओमागच्या अंगणात सगळे ग्रुप फोटोसाठी बसले होते. समोर तिपाईवर ट्रंकेएवढा लाकडी कॅमेरा. पुढे भिंग, मागे दुधी काच, मधे बाजाच्या पेटीसारखा भाता. सासूबाई फिल्म आणायला आत गेल्या. जावयाने काळ्या कापडात डोकं घातलं, तर काचेवर अख्खं सासर उलटं लटकलेलं, आणि वरून धूसर! बिचाऱ्या सासूबाईंची नजर गेली आता, असं मनाशी म्हणत त्याने हळूच चाक फिरवलं, बायकोच्या पापण्या मोजता येतील इतकं चित्र स्वच्छ केलं आणि शहाण्यासारखा खुर्चीत येऊन बसला.

सासूबाई आल्या. भिंगावर काळीकुट्ट काच चढवली, फोटो काढला, आणि मग त्यांचं लक्ष कॅमेऱ्याखालच्या पट्टीकडे गेलं.

"कुणी हात लावला?"

"मी... पुसट दिसत होतं म्हणून."

"पुसट मी केलं होतं, जावईबापू."

फिल्म इन्फ्रारेड होती. डोळ्याला न दिसणारा उजेड टिपणारी. हा उजेड भिंगातून नेहमीच्या उजेडापेक्षा किंचित लांब जाऊन गोळा होतो. म्हणून आधी डोळ्याने फोकस नीट करायचा आणि मग भिंग केसभर पुढे सरकवून तो मुद्दाम बिघडवायचा. किती बिघडवायचा, त्याची रेघ सासूबाईंनी पट्टीवर सुईने ओढून ठेवली होती. काळी काच चढली की काहीच दिसत नाही, सगळी भिस्त त्या रेघेवर. आणि जावईबापूंनी भिंग ती सोडून भलतीकडेच नेलं होतं. असली फिल्म बनणं कधीच बंद झालेलं. एका फोटोला एक फिल्म, आणि फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात दोनच जपून ठेवल्या होत्या. त्यातली एक आता गेली.

त्या फिल्म आजच बाहेर निघाल्या त्याला कारण जावयाची आत्या. आत्या गोरीपान, आणि कुणाला ते विसरू न देणारी. खुर्च्या मांडताना म्हणाली, "सूनबाईला कडेला उभी करा हं, मधे आली तर फोटो काळवंडेल." सगळे हसले. बायको खाली बघत कडेला सरकली. जावयाने चष्मा पुसला. तोंड उघडायच्या वेळी चष्मा पुसला, म्हणूनच मग काहीतरी केल्यासारखं वाटावं म्हणून त्याचे हात कॅमेऱ्याकडे वळले. सासूबाई मात्र "बरं" एवढंच म्हणाल्या, भिंग रेघेवर नेऊन ठेवलं आणि फ्रीजकडे गेल्या.

हे "काळवंडेल" त्यांना नवीन नव्हतं. नवरा लवकर गेला तेव्हा हा कॅमेरा, स्टुडिओ आणि कडेवरची पोर एवढं मागे राहिलं. गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आत म्हणायचं, "बाई, जरा उजळ करा." त्यांनी भिंतीवर पाटीच लावली: 'आहात तसे याल.' एक आई मुलीचा फोटो परत घेऊन आली, "ही एवढी सावळी नाही हो." सासूबाईंनी मुलीला खिडकीपाशी उभं केलं, शेजारी फोटो धरला. "पोरगी झकास आहे. तुम्ही डोळे तपासून या." समोरच्या स्टुडिओतून माणसं पिठात लोळल्यासारखी बाहेर पडायची आणि रांगही तिकडेच लागायची. पाटी काही खाली आली नाही.

इकडे आत्या पर्स उचलून उठली होती. "झाला ना फोटो?"

"नाही झाला. बसा." मग लेकीकडे वळून, "तू मधे ये. आत्याबाईंना खेटून बस."

"अहो, पण मी म्हटलं होतं ना..."

"ऐकलं मी. आता तोंड मिटा. हललात तर दोन तोंडं येतील."

मधली खुर्ची जावयाची होती. या वेळी त्याने चष्मा पुसला नाही. उठून कडेला गेला आणि बायकोला जागा दिली. सासूबाईंनी लेकीच्या डोळ्यांवर फोकस धरला, भिंग रेघेवर आणलं, काळी काच चढवली, उरलेली फिल्म आत सरकवली. हे सगळं होईस्तोवर जावई दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून उभा होता.

आठवड्याने तो फोटो आणायला गेला. अंगणातलं झाड बर्फासारखं पांढरं, आकाश काळं, मागे उभ्या काकांचा काळा कोट राखाडी. आणि चेहरे? सगळे एकाच दुधी दगडातून कोरलेले. आत्या आणि बायको शेजारी शेजारी. रंगावरून कोण कुठली, सांगायची सोय नाही. फरक एवढाच, की बायको थेट कॅमेऱ्याला भिडली होती आणि आत्याचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं होतं.

"पण आई, तुम्ही कधी कुणाला उजळ करत नव्हतात ना?"

"अजूनही नाही केलं. या उजेडात सगळे असेच दिसतात. आहात तसे आलात."

फोटो खिडकीएवढा होता. उचलायला दोन हात लागले. जावयाच्या डोळ्यांपुढे घरातली दर्शनी भिंत आली.

"आई, हा बाहेरच्या खोलीत लावला तर आत्या पुन्हा आमच्या घरात पाय ठेवणार नाही."

"म्हणून तर एवढा मोठा छापलाय."