एफए, एलओ आणि पहिली 'अ'च्या सुमती टीचर

मंगळवार, ९ डिसेंबर २०२५. थंडी बरीच. नळ उशिरा आला. कामवाली आली नाही, तिच्या नणंदेचं साक्षगंध आहे. दुपारी समोरची सुमती शाळेतून थेट माझ्याकडे आली. चहा विचारला तर नको म्हणाली.

डायरीत एवढंच आहे, पण सुमतीने चहा नको म्हणणं ही साधी गोष्ट नाही, म्हणून पुढचं सविस्तर लिहिते.

सुमती हुडकेश्वरात माझ्या समोरच्या घरात राहते. माहेर रामटेककडचं, घरी धानाची शेती. डी.एड. करून ती इथल्या एका खाजगी शाळेत लागली, पहिलीच्या वर्गावर, आणि तिथेच रमली. बाकीच्या टीचर पहिली टाळतात, कारण जूनमध्ये त्या वर्गात फक्त वाहती नाकं आणि रडणं असतं. सुमतीला तेच हवं असतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर एखादं पोर अचानक दुकानाची पाटी वाचू लागतं, तेव्हा ही रस्ता ओलांडून मला सांगायला येते. आनंद असा, जणू ते पोर कलेक्टर झालं.

गेल्या वर्षी शाळेचं व्यवस्थापन बदललं आणि नावात 'ग्लोबल' आलं. मैदान तेवढंच राहिलं, पाण्याची टाकीही तीच गळकी. मात्र टीचरला आता फॅसिलिटेटर म्हणायचं होतं, आणि बंगळुरूहून एक सल्लागार बाई येत्या शुक्रवारी प्रत्येक वर्ग पाहायला येणार होत्या. ज्यांना आद्याक्षरांची ही नवी भाषा येणार नाही, त्यांना 'कॉरिडॉर सपोर्ट'. म्हणजे मुलं पळू नयेत म्हणून व्हरांड्यात उभं राहणं. त्यांचा वर्ग मुग्धाकडे. ही मुग्धा नवी टीचर, तिला सगळी अक्षरं तोंडपाठ.

"काकू, तुम्ही कॉन्व्हेंटच्या," सुमतीने माझ्यापुढे एक कागद ठेवला. "मले हे इंग्रजी समजावून सांगा."

मी चष्मा लावला. एलओ, एफए, एसए, टीएलएम, एफएलएन, एसईएल, सीपीडी.

"हे इंग्रजी नाही वं," मी म्हटलं. "इंग्रजी असतं तर मला कळलं असतं."

आमच्या सिस्टर चुकलं की पट्टी मारायच्या. त्या पट्टीला संक्षिप्त नाव नव्हतं, तरी सगळ्यांना ती नीट कळायची. असो. नातवाला फोन केला, इंटरनेटवर पाहिलं, आणि तीन संध्याकाळी आम्ही दोघी अभ्यासाला बसलो.

"टीएलएम म्हणजे?"

"टीचिंग लर्निंग मटेरियल."

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे माझे चिंचोके."

"आणि एलओ?"

"पोट्ट्याले शेवटी काय आलं पाह्यजे ते."

"एसईएल?"

"रडणाऱ्याले जवळ घेणं." सुमतीने कागद खाली ठेवला. "काकू, हे तर मी रोजच करून राहिली. मग परीक्षा कायची?"

"नाव घेण्याची," मी म्हटलं. "उखाण्यासारखी. नवरा घरात असून भागत नाही, नाव घ्यावं लागतं."

तिचा नवरा प्रेमानंद तिला न्यायला आला होता. तो दारातूनच म्हणाला, "काकू, हिले जरा लवकर पास करा. तीन दिवसांपासून मी खिचडीचं एसए देऊन राहिलो."

एसए म्हणजे वर्षाअखेरची मोठी परीक्षा. त्यालाही पाठ झालं होतं.

एफए मात्र सुमतीच्या डोक्यात बसेना. फॉर्मेटिव्ह असेसमेंट. मी तिला सांगितलं, शिकवता शिकवताच कोणाला कळलं आणि कोणाला नाही हे बघणं, मार्क न देता, कोणाला न लाजवता. ती म्हणाली, हे तर चेहरा पाहूनच कळते. मी म्हटलं, चेहऱ्याला बंगळुरूत मान्यता नाही.

शुक्रवारी ती आली ती हसावं की रडावं अशा तोंडाने. त्याआधी आपल्याकडचा एक रिवाज सांगायला हवा. शाळा तपासायला कोणी आलं की प्रश्नाला सगळ्या मुलांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. टीचर उजव्यालाच उठवते. वर्ग हुशार दिसतो, साहेब खूश होतात, चहा-समोसा होतो. हे टीचरला माहीत, पोरांना माहीत, आणि इथे येणारे साहेबही लहानपणी डावा हात वर करूनच साहेब झालेले असतात. बंगळुरूच्या बाईंना मात्र ही परंपरा ठाऊक नव्हती.

"सगळे हात वर, काकू. मी बिनधास्त. तर बाई म्हणते, अर्धे मुलं लेफ्ट हँड काहून उचलून राहिले?"

"बाई 'काहून' म्हणाली?"

"नाई हो, ते मी म्हणून राहिली. तिनं इंग्रजीतच विचारलं. तर ते पिंकी, पहिल्या बाकावरची, उठली अन् सांगून टाकलं, 'मॅम, जिसको नहीं आता वो लेफ्ट!'"

"अरे देवा. मग?"

"मग काय! प्रिन्सिपॉल मॅडम भिंतीकडे पाहून राहिल्या. मले वाटलं, गेला माझा वर्ग. तोंडात जे आलं ते बोलली. म्हटलं, मॅडम, धिस इज एफए."

मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

बाईंनी उजवे-डावे हात मोजले. मग म्हणाल्या, ब्यूटिफुल. कोणाला लाजवणं नाही, मार्क नाहीत, एका नजरेत सगळा वर्ग कळतो! त्यांनी व्हिडिओ काढला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत प्रकाराला नाव मिळालं, ड्युअल हँड रिस्पॉन्स. दुपारी त्याचं डीएचआर झालं. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या लबाडीचं एवढं झटपट बारसं मी पाहिलं नव्हतं.

सोमवारी सुमती पुन्हा आली, आणि या वेळी रडतच. तिला बढती मिळाली होती. अकॅडमिक कोऑर्डिनेटर. स्वतंत्र केबिन, फिरती खुर्ची, सगळ्या टीचरना डीएचआर शिकवायचं. आणि पहिली 'अ' मुग्धाला.

"नापास झाली असती तर वर्ग गेला असता," ती म्हणाली, "पास झाली, तरी गेला. आता जानेवारीत ते पोट्टे वाचायले लागतील अन् मी खुर्चीत फिरत बसू?"

शाळेच्या धंद्यात प्रगती अशीच मोजतात. मुलांपासून जो जितका दूर, तो तितका मोठा. टीचर वर्गात, मुख्याध्यापक केबिनमध्ये आणि सल्लागार विमानात.

"नको म्हणून सांग," मी म्हटलं.

"सांगितलं. तर मॅडम म्हणतात, तुझा ग्रोथ माइंडसेट नाही."

"मग मराठीत काय सांगतेस? त्यांच्या भाषेत नको म्हण."

सुमतीने पदराने डोळे पुसले. मग चहा मागितला, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

मंगळवारी पाच वाजता तिने फाटकातूनच हाक मारली. "काकू! मी मॅडमले म्हटलं, डीएचआर स्केल करायचं तर लॅब क्लास पाह्यजे. एक वर्ग तरी इनोव्हेटरकडेच राहिला पाह्यजे, नाहीतर फिडेलिटी जाते."

"फिडेलिटी म्हणजे?"

"मले काय माहीत! बाईच्या व्हिडिओत होतं. मॅडम म्हणे, कोणता वर्ग? मी म्हटलं, माझा डेटा पहिली 'अ'चा आहे."

"आणि मिळाला?"

"मिळाला ना! दारावर 'लॅब क्लास' पाटी लागणार. मुग्धा माझ्याच वर्गात येऊन शिकणार. मन लावते पोट्टी, वाईट नाही. फक्त कोऑर्डिनेटरचं कामही मलेच करा लागते. शनिवारी दुपारी सीपीडी."

सीपीडी म्हणजे शिक्षकांचा सतत व्यावसायिक विकास. तो नेहमी सुट्टीच्या वेळीच होतो. एका सुमतीकडून दोघींचं काम, आणि वर तीच त्यांना धन्यवाद देऊन आलेली. व्यवस्थापनाला ग्लोबल उगाच म्हणत नाहीत.

"पण वर्ग राहिला," ती म्हणाली, आणि पळतच घरी गेली. प्रेमानंदला आज तरी खिचडीवर भागवावं लागणार नव्हतं.

मंगळवार, १६ डिसेंबर. पहिली 'अ' सुमतीकडेच. संध्याकाळी तुरीच्या शेंगा उकडल्या. कुकरची रिंग सैल झाली आहे, धरमपेठेत जाईन तेव्हा नवी आणायची.